एकाच थडग्यातल्या दोन बहिणी

(बाईंच्या स्मृतिदिनानिमित्त नाशिक येथे दिलेलं व्याख्यान. विषय : मुलांना ट्यूडर इतिहास शिकवताना)



आम्हा विद्यार्थ्यांतल्या कुणाच्याही तोंडी बाईंचं नाव कधी आलं नाही. त्या ‘बाई’ होत्या आणि आजही बाईच आहेत. इतिहास शिकवताना त्यांची एक सवय होती. राजाने किल्ला घेतला, तह केला, कर बसवला, असं आम्ही धडाधडा सांगायचो. ते संपलं की बाई शांतपणे विचारायच्या, “बरं. मग माणसांचं काय झालं?” पुस्तकात उत्तर नसायचं. मग आम्ही विचार करायला लागायचो. आजचं माझं सगळं बोलणं त्या एका प्रश्नाच्या आधाराने आहे.

मी पेशाने इतिहासाचा शिक्षक. रविवारी मिस्सा झाल्यावर आमच्या कॅथलिक धर्मग्रामात मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्गही घेतो. त्या वर्गात आठवीतल्या एका मुलीने मला विचारलं, “सर, राजाला दुसरं लग्न करायचं होतं, म्हणून शरणपूरचं चर्च वेगळं आणि आपलं वेगळं, हे खरं का?” तिची जिवलग मैत्रीण नाशिकमधल्याच शरणपूरच्या प्रॉटेस्टंट चर्चला जाते. दोघींच्या घरी नाताळच्या करंज्या सारख्याच, प्रभूची प्रार्थना एकच, बायबलही मराठीच. तरी चर्च दोन. शाळेच्या पुस्तकात युरोपातल्या धर्मसुधारणेच्या चार ओळी तिने वाचल्या होत्या, आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांची गोष्ट कुठेतरी पाहिली होती, आणि दोन्ही जोडून तिने हा प्रश्न तयार केला होता.

तिला मी लगेच उत्तर दिलं नाही. ‘हो’ म्हणणं खोटं ठरलं असतं आणि ‘नाही’ म्हणणंही खोटंच. त्या उत्तराच्या शोधात मी दोन वर्षं तो इतिहास त्या मुलांना शिकवला. तो कसा शिकवला आणि त्यातून मीच काय शिकलो, ते आज सांगतो.

इंग्लंडमध्ये ट्यूडर घराण्याचं, म्हणजे हेन्री आणि एलिझाबेथच्या घराण्याचं, राज्य १४८५ ते १६०३, म्हणजे ११८ वर्षं. नाशिकच्या मुलांना त्याचं काय, असं कुणी विचारील. नीट पाहिलं तर या काळाचे धागे आपल्या दारापर्यंत येतात. ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली ती राणी एलिझाबेथने, ३१ डिसेंबर १६०० रोजी. शरणपूरची वसाहत १८५४ साली उभारली ती चर्च मिशनरी सोसायटीने. ही संस्था इंग्लंडच्या चर्चची, आणि ते चर्च रोमपासून वेगळं झालं ते आठव्या हेन्रीच्या काळात. शिवाय एलिझाबेथच्या इंग्लंडमधून बाहेर पडलेला एक तरुण गोव्यात आला आणि त्याने मराठीत ओव्या रचल्या. त्याच्याकडे मी मागाहून येणार आहे.

हा इतिहास मी कॅथलिक सामाजिक मूल्यांच्या आधाराने शिकवला. ती मूल्यं म्हणजे काय, हे आधी साध्या शब्दांत सांगतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या स्थितीवर ‘रेरूम नोव्हारूम’ हे परिपत्रक काढलं. तिथपासून या विचारांची आधुनिक मांडणी सुरू झाली. प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा जन्मजात आहे, ती राजा देत नाही आणि राजाला काढूनही घेता येत नाही. समाजाची संपत्ती सगळ्यांच्या हितासाठी आहे. गरिबाकडे आधी पाहायचं. जे काम घराला, गावाला जमतं ते वरच्या सत्तेने हिसकावायचं नाही. आणि आपण एकमेकांचे आहोत, ही एकजूट सोडायची नाही. आमच्या घरात ही मूल्यं परिपत्रकातून आली नाहीत. माझे पणजोबा राहुरीकडचे, गावकुसाबाहेरचे. शतक बदलताना जो दुष्काळ पडला त्यात त्यांच्या बाजूला कोण येऊन बसलं, हे त्यांनी पाहिलं आणि त्यावरून त्यांनी आपला धर्म ठरवला. मूल्य आधी माणसाच्या वागण्यात दिसलं, त्याचं नाव आम्हाला फार नंतर कळलं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. १८९१ची फूटपट्टी हेन्रीच्या काळाला कशी लावायची? राजांना गुण द्यायला मी ती लावतच नाही. गोष्ट सांगताना कुणाकडे पाहायचं, एवढं मात्र या मूल्यांवरून ठरतं. सहा राण्यांची गोष्ट सांगताना सगळ्यांची नजर राजाच्या शयनगृहाकडे असते. बाईंचा प्रश्न विचारला की ती नजर रस्त्यावर येते.

मठांचंच उदाहरण घ्या. १५३४ साली पार्लमेंटने हेन्रीला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवलं. १५३६ ते १५४० या काळात सुमारे आठशे मठ बंद झाले. जमिनी राजाकडे गेल्या आणि पुढे मोठा भाग सरदारांच्या आणि धनिकांच्या हातात पडला. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. मी मुलांना म्हटलं, मठ काल बंद झाला. आज सकाळी त्याच्या दाराशी कोण येऊन उभं राहील, लिहा.

आपल्या मुलांना हा प्रश्न परका वाटत नाही. त्यांनी सिंहस्थातली अन्नछत्रं पाहिली आहेत, मिशनच्या दवाखान्याबाहेरची रांग पाहिली आहे. त्यांनी लिहिलं : रोज भाकरी न्यायला येणारी म्हातारी. आजारी मुसाफिर. मठाच्या शेतावरचा मजूर. अक्षर शिकणारा मुलगा. एकाने लिहिलं, “दार वाजवलं, पण उघडलं नाही.” त्या वाक्यावर मी वर्गात थांबलो, आजही थांबतो.

पण इथे शिक्षकाने प्रामाणिक राहायला हवं. मठ जमीनदारही होते, खंड वसूल करत होते, काही ठिकाणी शिस्त ढासळली होती. ते मी लपवत नाही. लपवलं तर इतिहास आमच्या बाजूचं वकीलपत्र होतो. उत्तर इंग्लंडमध्ये १५३६ साली हजारो लोक मठांसाठी आणि जुन्या श्रद्धेसाठी उठले. त्या उठावाचा नेता रॉबर्ट आस्क नावाचा वकील. राजाने वाटाघाटी केल्या, आश्वासनं दिली, आणि १५३७ साली आस्कला यॉर्कमध्ये फाशी दिलं. पुढे गरिबांचा प्रश्न सुटेना, तेव्हा एलिझाबेथच्या राज्यात १६०१ साली दरिद्री लोकांसाठीचा कायदा झाला आणि प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे गावच्या धर्मविभागावर, तिथल्या गरिबांचा भार टाकला. कॅथलिक मठ मोडले म्हणून रडणाऱ्या मुलांना मी हा कायदाही शिकवतो. प्रॉटेस्टंट राणीच्या राज्यातही गरिबाचा हक्क कुणीतरी कागदावर लिहिला. मूल्य कुठल्याही अंगणात उगवलेलं दिसलं, तर ते मूल्य आहे असं म्हणण्याचा मोठेपणा मुलांत यायला हवा.

आता या इतिहासातल्या सर्वात अवघड धड्याकडे येतो, आणि तो सद्सद्विवेकाचा आहे. कॅथलिक घरांत थॉमस मोरची गोष्ट सांगितली जाते. विद्वान, विनोदी, मुलींना मुलांइतकंच ग्रीक-लॅटिन शिकवणारा बाप, राज्याचा लॉर्ड चॅन्सेलर. राजाच्या धर्मप्रमुखपदाला त्याने होकार दिला नाही आणि ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. १९३५ साली तो संत म्हणून घोषित झाला. ही गोष्ट मलाही प्रिय आहे. परंतु हाच मोर चॅन्सेलर असताना सहा माणसांना पाखंडी ठरवून जाळण्यात आलं, आणि त्या धोरणाला त्याचा पाठिंबा होता. हे मुलांना सांगायचं का? मी सांगतो. संताच्या पायालाही माती लागलेली असते, हे कळल्याने मुलांची श्रद्धा डळमळत नाही. मोठेपणी दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर मात्र डळमळते.

राजे आणि चॅन्सेलर बाजूला ठेवून एके रविवारी मी दोन साध्या बायांच्या गोष्टी एकामागून एक सांगितल्या. नेम असा ठेवला होता की एकीची सांगायची तर दुसरीची त्याच दिवशी सांगायची.

पहिली जोन वेस्ट. डर्बी गावची, जन्मांध, वय सुमारे बावीस. दोर वळून, विणकाम करून पोट भरायची. पैसे साठवून तिने नवा करार विकत घेतला. वाचता येत नव्हतं, म्हणून ती लोकांकडून तो वाचून घ्यायची. वाचणाऱ्यांत कर्जापायी तुरुंगात पडलेला एक म्हाताराही होता. जो फुकट वाचत नसे त्याला ती पैसे द्यायची. ऐकून ऐकून तिला अध्याय पाठ झाले. राज्यावर तेव्हा मेरी होती, कॅथलिक राणी, आमच्या पंथाची. मिस्सेतल्या भाकरीबद्दल जोनने चर्चची शिकवण मान्य केली नाही, म्हणून १५५६ साली तिला जाळलं. मेरीच्या राज्यात असे सुमारे २८० लोक जाळले गेले आणि त्यांत पन्नासहून अधिक स्त्रिया होत्या.

दुसरी मार्गारेट क्लिदरो. यॉर्कच्या एका खाटकाची बायको, मुलाबाळांची. राज्यावर एलिझाबेथ. कॅथलिक धर्मगुरूंना आसरा देणं हा मृत्युदंडाचा गुन्हा ठरलेला होता आणि मार्गारेट त्यांना घरात लपवायची. पकडल्यावर न्यायालयात ती आरोपाला उत्तरच देईना. खटला चालला तर आपल्या लेकरांना आईविरुद्ध साक्षीला उभं करतील, हे तिला ठाऊक होतं. आरोपाला उत्तर न देणाऱ्याला त्या काळी वजनाखाली चिरडून मारत. २५ मार्च १५८६ रोजी तिला तसं मारलं.

मी थांबलो. वर्ग शांत होता. ज्या मुलीने मला पहिला प्रश्न विचारला होता, ती म्हणाली, “सर, जोन तिच्या मैत्रिणीची आणि मार्गारेट आमची.” बोलता बोलता ती अडली. मग म्हणाली, “पण जोनला आमच्या लोकांनी जाळलं ना?”

माझं म्हणणं या एका क्षणात आहे. आपल्या हुतात्म्यासाठी मुलांचे डोळे भरून येतात, त्यासाठी शिक्षक लागत नाही. आपल्या लोकांनी ज्याला मारलं त्याच्यासाठी डोळे भरून यायला शिक्षक लागतो. मानवी प्रतिष्ठा हे मूल्य मुलाच्या मनात उतरलं की नाही, याची परीक्षा मला दुसरीकडे घेता येत नाही. जोनसाठी वाईट वाटलं नाही, तर मार्गारेटसाठी वाटलेलं वाईट हा फक्त आपल्या गोताचा अभिमान आहे.

आता त्या तरुणाकडे येतो. थॉमस स्टीफन्स, जन्म साधारण १५४९, इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातला, लंडनच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. आपण कॅथलिक असल्याचा कुणाला संशय येऊ नये म्हणून थॉमस पाउंड या श्रीमंत मित्राबरोबर त्याचा नोकर असल्याचं सोंग घेऊन तो हिंडायचा. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात, म्हणजे जेझुइट संघात, दाखल व्हायचं ठरवलं होतं. निघायच्या बेतात पाउंड पकडला गेला आणि पुढची सुमारे तीस वर्षं त्याने वेगवेगळ्या तुरुंगांत काढली. स्टीफन्स रोमला पोचला, १५७५ साली येशूसंघात दाखल झाला, आणि तुरुंगातल्या मित्रालाही संघात घ्यावं म्हणून त्याने तिथे खटपट केली. एप्रिल १५७९मध्ये लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबरला तो गोव्यात उतरला. दोन वर्षांनी लंडनमध्ये त्याच्याच संघाचा एडमंड कॅम्पियन फासावर गेला. स्टीफन्स मायदेशी राहिला असता, तर त्याचंही तेच होऊ शकलं असतं.

मुलांना ही गोष्ट फार आवडते. वेषांतर आहे, मैत्री आहे, समुद्र आहे. पण बाईंचा प्रश्न इथेही विचारावा लागतो. स्टीफन्स ज्या गोव्यात उतरला तिथे १५६०पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. गोव्याच्या सासष्टी भागातली देवळं पाडून फार वर्षं झाली नव्हती. इंग्लंडमध्ये राजसत्ता त्याला सांगत होती, तुझा धर्म इथे चालणार नाही. गोव्यात त्याच्याच धर्माची राजसत्ता तिथल्या लोकांना तेच सांगत होती. १५८३ साली सासष्टीतल्या कुंकळ्ळीला गावकऱ्यांच्या हातून पाच येशूसंघीय मारले गेले. त्यांचे देह मिळवण्यासाठी स्टीफन्सने धावपळ केली. त्यानंतर पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या गावकरांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारलं. मी वर्गात पाचांची नावं सांगतो आणि गावकरांचीही गोष्ट सांगतो. त्याच दिवशी, एकामागून एक.

मग स्टीफन्सने काय केलं? राज्य बदलणं त्याच्या हातात नव्हतं, आणि तो त्या व्यवस्थेचाच भाग होता, हे झाकायचं कारण नाही. पण तो लोकांची भाषा शिकला. १५८३ साली पॅरिसमधल्या आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने नोंदवलं की इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते. १६१६ साली गोव्यातल्या राशोलच्या छापखान्यात त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं : अकरा हजारांच्या आसपास ओव्या, तीही ज्ञानोबा-एकनाथांच्या वाटेची ओवी. मराठी अक्षरांचे खिळे पाडायला मिळावेत अशी विनंती त्याने १६०८ साली आपल्या संघप्रमुखांना केली होती. पुस्तक शेवटी रोमन लिपीतच निघालं. ते देवनागरीत यायला १९५६ उजाडलं, तेव्हा पुण्यात शांताराम बंडेलूंनी त्याची आवृत्ती काढली. अलीकडे फादर नेल्सन फलकाव यांनी त्यावर मोठं काम केलं.

या पुराणाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो, तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग आमच्या भाषेत आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? हा प्रसंग मी मुलांकडून नाटकासारखा करून घेतो. ब्राह्मण झालेल्या मुलाला विचारतो, तुझं काय गेलं? तो सांगतो, रात्री ऐकायची गोष्ट गेली. मठाच्या बंद दाराशी उभी असलेली म्हातारी आणि गोष्ट हरवलेला हा माणूस मुलांच्या मनात शेजारी उभे राहतात. स्टीफन्सने त्या माणसाचा प्रश्न आपल्या ग्रंथात ठेवला. ज्याचं घर हिरावलं गेलं होतं अशा एका परदेशी माणसाला, गोष्ट हिरावली गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आला. त्याने केलेली भरपाई पुरी होती असं मी म्हणणार नाही. पण तो आवाज त्याने ऐकला, आणि त्याचं उत्तर मराठीत दिलं. आपल्या भाषेला हा मान देणारा माणूस ट्यूडर इंग्लंडच्या छळातून आला होता, हे नाशिकच्या मराठी मुलाला माहीत असायलाच हवं.

आता शरणपूर. १८५४ साली विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही वसाहत उभी केली. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे आणली गेली. सुतारकाम, लोहारकाम, अक्षरं शिकली. जगात त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणत. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ साली आफ्रिकेत मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मृत्यू झाला तेव्हा जेकब त्याच्या सोबत्यांत होता. त्यांनी तो देह शेकडो कोस चालत समुद्रकिनाऱ्यावर आणला. जेकब देहाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत उभा राहिला. गुलामाला माणूस म्हणून उभं करणं ही मानवी प्रतिष्ठा. ती नाशिकमध्ये उभी केली इंग्लंडच्या चर्चच्या लोकांनी, ज्यांच्याशी आमचं चर्च तीनशे वर्षं भांडत होतं. हे मी माझ्या कॅथलिक मुलांना अभिमानाने सांगतो, कारण तो आमच्या गावाचा अभिमान आहे.

भांडण पुढे निवळलं, तेही सांगायला हवं. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला. श्रद्धेच्या बाबतीत कुणावर सक्ती करता येत नाही, आणि हा हक्क माणसाच्या प्रतिष्ठेतून येतो, असं आमच्या चर्चने लिहून दिलं. जोन वेस्टला ते चारशे नऊ वर्षं उशिरा मिळालं. २५ ऑक्टोबर १९७० रोजी पोप सहावे पॉल यांनी इंग्लंड-वेल्सच्या चाळीस हुतात्म्यांना संत घोषित केलं. त्यांत मार्गारेट होती, कॅम्पियन होता. त्याच प्रसंगी त्यांनी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या, चर्चचा बहीण म्हणून आदराने उल्लेख केला. आणि बरोबर पस्तीस दिवसांनी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आपल्या नागपूरला अँग्लिकनांसह अनेक पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च, म्हणजे सी.एन.आय., स्थापन झालं.

त्या मुलीला शेवटी मी काय उत्तर दिलं? तिला मी जेकबबरोबर वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत नेलं, नकाशा आणि चित्रं घेऊन. जिथे नाशिकला शिकलेला जेकब उभा राहिला, त्याच वास्तूत मेरी आणि एलिझाबेथ या दोन राण्या, हेन्रीच्या दोन लेकी, एकाच थडग्यात आहेत. एलिझाबेथची पेटी मेरीच्या पेटीवर ठेवलेली आहे. वर मूर्ती एकट्या एलिझाबेथची, पण कोरलेल्या मजकुरात दोघी बहिणी आहेत. १९७७ साली त्या थडग्याजवळ जमिनीत एक शिळा बसवली गेली. धर्मसुधारणेच्या काळात वेगवेगळ्या बाजूंना राहून ख्रिस्तासाठी आणि सद्सद्विवेकासाठी ज्यांनी प्राण दिले, त्या सगळ्यांचं स्मरण करा, असं ती शिळा सांगते.

मी तिला म्हणालो, “राजाचं लग्न हे निमित्त होतं, ते खरं आहे. पण चर्च दोन राहिली ती राजामुळे नाही. दोन्हीकडच्या माणसांनी आपापल्या समजुतीसाठी एकमेकांना मारलं, आणि मेलेल्यांची आठवण ठेवता ठेवता समोरच्याची विसरली, म्हणून ती इतकी वर्षं दोन राहिली.”

ती थोडा वेळ काही बोलली नाही. पुढच्या रविवारी वहीत तिने दोन नावं लिहून आणली होती : जोन आणि मार्गारेट. वर शीर्षक दिलं होतं, ‘माझ्या मैत्रिणीला सांगायच्या गोष्टी’. वही परत देताना मी सवयीने विचारलं, “मग माणसांचं काय झालं?” ती म्हणाली, “सर, त्या दोघींची गोष्ट आम्ही दोघी मिळून शरणपूरच्या चर्चच्या पायरीवर बसून वाचली.”

बाई, तुमच्या प्रश्नाचं इतकं चांगलं उत्तर माझ्या वर्गात याआधी कुणी दिलं नव्हतं. ते तुमच्यापर्यंत पोचवायला मी आज इथे आलो होतो.